आइंडहोव्हनला जाताना: तिथल्या खाण्याविषयी एक पत्र

पुणे

प्रिय चि.,

अनेक आशीर्वाद.

या महिनाअखेरीस तुम्ही चौघे नेदरलँड्सला, आइंडहोव्हनला निघत आहात आणि सोबत खाण्याचे काय न्यावे, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर थोडक्यात देते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूप, पेढे आणि खवा घरीच ठेवा. ताज्या फळांना आणि पाल्याला वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, म्हणून हापूस आणि कढीपत्ताही नको. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि बाकरवडी न्या. डाळ-तांदूळ, पिठे, हिंग, मोहरी हे सारे तिथल्या भारतीय दुकानांत मिळते.

मला खरे लिहायचे आहे ते याच्या पुढचे. वरणभात तिथे इतक्या सहज होतो, की मुले ज्या गावात वाढत आहेत त्या गावाची चव कित्येक वर्षे घराचा उंबरठा ओलांडत नाही. नोकरीनिमित्त मी त्या देशात बरीच वर्षे राहिले आणि अशी अनेक मराठी घरे पाहिली. मुले शाळेत एक खातात, घरी दुसरे खातात आणि आईवडिलांना त्यातले पहिले ठाऊकच नसते. तुमच्या घरी असे होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात ओळखीच्या वासापासून करा. लायडन शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चीजमध्ये जिरे असते आणि हाउडा चीजही जिरे घातलेले मिळते. ज्याला चीजचा वास सोसत नाही असा माणूसही त्याचा पातळ काप पावावर ठेवून खातो. कार्यालयात एखाद्या सहकाऱ्याला मूल झाले, की तो सगळ्यांना गोल, कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून वर साखरेत घोळलेले बडीशेपेसारखे बारीक दाणे पसरून देतो. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे, मुलगा असेल तर निळे-पांढरे. नाही म्हणू नकोस, तो बारशाचा पेढा आहे. ज्येष्ठमधाची काळी गोळी, जिला ते 'ड्रॉप' म्हणतात, ती मात्र गोडापासून सुरू करा. तिचा खारट प्रकार नवसागराचा असतो आणि पहिल्याच दिवशी तो तोंडात गेला, तर मुले पुन्हा त्या बरणीकडे पाहणार नाहीत.

स्ट्रोपवाफेल विमानतळावरच्या डब्यातून नव्हे, आठवडी बाजारातल्या तव्यावरून खा. मूळचा हाउडा शहरातला हा पदार्थ, म्हणजे दोन पातळ चकत्यांमध्ये दाट पाक. तो गरम असताना पाक ओघळतो, आणि पाकिटातला आणलाच तर वाफाळत्या चहाच्या कपावर झाकणासारखा ठेवून मऊ होऊ द्यावा. तिथेच पोफर्चेस मिळतील. यीस्ट घालून फुगवलेले, बहुधा कुट्टूचे पीठ मिसळलेले पीठ खळग्यांच्या तव्यात घालून ते करतात. तुझ्याकडे बिडाचे आप्पेपात्र असेल तर ते बॅगेत टाक, मुलांना हा पदार्थ घरी करता येईल.

शाळेच्या डब्याविषयी तुझ्या मनात धाकधूक असणार. तिथे दुपारी बहुतेक मुले थंड पावच खातात. चीज, शेंगदाण्याचे लोणी किंवा लोण्यावर चॉकलेटची बारीक कांडी, म्हणजे हाखलस्लाख, लावून. ते उपाशीपोटी राहणे नव्हे. तिथे रात्रीचे गरम जेवण सहाच्या सुमारास होते, आणि तुम्हीही त्या वेळेला पोळीभाजी केलीत तर मुलांचे पोट दोन्हीकडून भरेल. फक्त एक पाळा: त्यांनी आवडीने आणलेल्या पदार्थाला घरातल्या कोणीही, अगदी पाहुण्या आलेल्या आजीआजोबांनीही, त्यांच्यासमोर बेचव म्हणू नये. त्या एका शब्दाने मूल घरी सांगणे थांबवते.

तुम्ही शाकाहारी आहात, म्हणून पाकीट वाचण्याची सवय लावा. अंडी आणि दूध यांची नावे घटकांच्या यादीत ठळक छापलेली असतात, पण प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेली जेलाटिन तशी ठळक नसते आणि ती मऊ गोळ्यांत, ड्रॉपमध्येही, अनेकदा असते. चीजमधले 'स्ट्रेमसेल', म्हणजे दूध घट्ट करण्यासाठी घालायचा पदार्थ, वासराच्या जठरातून काढलेले असू शकते. सूक्ष्मजीवांपासून केलेले असल्यास बहुधा तसे लिहिलेले असते. आइंडहोव्हन ज्या ब्राबांट प्रांतात आहे, तिथे सगळीकडे दिसणारा वोर्स्टेनब्रोचे बाहेरून साधा पाव दिसतो, आत मांसाचे सारण असते. हिवाळ्यातले वाटाण्याचे दाट सूपही बहुधा डुकराच्या मांसासह शिजते. घरी ते हिरव्या वाटाण्याच्या डाळीचे, सेलेरीच्या गड्ड्याचे करा, फार उत्तम होते.

5 डिसेंबरच्या सिंटरक्लास या मुलांना भेटवस्तू देण्याच्या सणाच्या कितीतरी आधीपासून दालचिनी-लवंग-जायफळाची इवली बिस्किटे दुकानांत येतात. त्या मसाल्यांचा वास आपल्या मुलांना परका वाटत नाही. 31 डिसेंबरला ओलीबोलेन, म्हणजे किसमिस घातलेले पिठाचे तळलेले गोळे, वर पिठीसाखर भुरभुरून खातात. अंडे चालत असेल तर नक्की घ्या.

आणि हेगला गेलात तर सुरिनामी रोटी चुकवू नका. 1873 मध्ये 'लाला रूख' जहाजातून कलकत्त्याहून सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, नेलेल्या करारबद्ध मजुरांपासून तिथे भारतीयांची वस्ती सुरू झाली. 1975 मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाले, त्या सुमारास त्यांचे अनेक वंशज नेदरलँड्सला आले. त्यांच्या रोटीत वाटलेल्या पिवळ्या डाळीचे सारण असते आणि सोबत बटाट्याचा रस्सा व लांब चवळीच्या शेंगांची भाजी. मांसाशिवाय हवी असे सांगा, मिळते. उडदाच्या डाळीचा 'बारा' वडाही मागा. तो डच शहरातला डच पदार्थच आहे, आणि तुमच्या मुलांनी तो तसाच ओळखावा.

शेजाऱ्यांकडे पहिल्यांदा जाताना काय न्यावे, हेही तू विचारले होतेस. शेजारच्या लिम्बुर्ख प्रांताची तांदळाची 'फ्लाय' आइंडहोव्हनच्या बेकऱ्यांत मिळते. गोलाकार पिठाच्या कवचात दाट तांदळाची खीर. त्यात अंडे असते, एवढे लक्षात ठेव. ती आधी ठरवून मागवावी, शनिवारी दुपारनंतर बहुधा संपलेली असते.

तुझी,
मावशी