वाचकांचे प्रश्न : छोट्या मुलासाठी थीम पार्क निवडताना

प्रश्न : आमची मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. दोन पार्क डोळ्यांसमोर आहेत. एकात पन्नासच्या वर राइड आहेत आणि त्याचं नावही मोठं आहे. दुसऱ्यात जेमतेम वीस. आजीचं म्हणणं, मोठ्या पार्कात ती नुसती दमेल. कसं ठरवायचं?

उत्तर : आजीचं म्हणणं खरं आहे की नाही, हे घरबसल्या तासाभरात कळेल. मुलीला अनवाणी भिंतीला टेकून उभी करा. टाचा भिंतीला लागू द्या, नजर समोर. डोक्यावर एक जाड पुस्तक भिंतीला काटकोनात धरा आणि त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलने खूण करा. जमिनीपासून खुणेपर्यंतची उंची टेपने मोजा. हा आकडा घेऊन दोन्ही पार्कांच्या वेबसाइटवरची राइडची यादी उघडा. उंचीची अट असेल, तर ती राइडसमोर दिलेली असते. आता यादीचे तीन गट पाडा : आज बसता येईल आणि शेजारी आई किंवा बाबाही बसू शकतील अशा राइड, बसता येईल पण एकटीनेच, अशा, आणि बसताच येणार नाही अशा. समजा, पन्नासच्या पार्कात पहिल्या गटात नऊच निघाल्या आणि वीसच्या पार्कात चौदा. मग तुमच्या मुलीसाठी दुसरंच पार्क मोठं आहे.

उंचीची अट किती फरक पाडते, याचं एक उदाहरण घ्या. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये बार्नस्टॉर्मर या छोट्या रोलर कोस्टरला ८९ सेंटिमीटर उंची लागते, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ९७ आणि स्पेस माउंटनला ११२. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलांची मधली उंची ९५-९६ सेंटिमीटर आहे, चार वर्षांची १०३ च्या आसपास आणि पाच वर्षांची ११०. म्हणजे तुमच्या मुलीच्या वयाला पहिली राइड सहज मिळेल, दुसरी अगदी काठावर असेल आणि तिसरीला अजून दोन वर्षं तरी थांबावं लागेल. या वयात मुलं वर्षाला साधारण ७ सेंटिमीटर वाढतात. तिला ज्या राइडची खरी ओढ आहे, तिथे दोन-तीन सेंटिमीटरच कमी पडत असतील, तर सहल चार-पाच महिने पुढे ढकलणं शहाणपणाचं.

दुसऱ्या गटाकडे नीट लक्ष द्या. लहानांच्या कित्येक चक्र्यांमध्ये मोठं माणूस मावतच नाही, मुलाला एकट्याने बसावं लागतं. कुंपणाबाहेर उभी राहिलेली आई दिसेनाशी झाली की पहिल्याच फेरीत रडू फुटतं, आणि चालू राइड मधेच थांबवणं सोपं नसतं. म्हणून मोजताना भर पहिल्या गटावर द्या. वॉल्ट डिस्ने आपल्या मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेत. मुली मेरी-गो-राउंडवर आणि ते बाकावर. आई-वडिलांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशी जागा हवी, हे तिथे बसल्या बसल्या सुचलं, असं ते सांगत. त्यांचं डिस्नेलँड पार्क १९५५ मध्ये उघडलं. पार्क पारखायला ही कसोटी आजही पुरेशी आहे.

राइडखेरीज काय आहे, तेही पाहा. नेदरलँड्समधल्या एफ्तेलिंग पार्कात १९५२ पासून परीकथांचं जंगल आहे. मूल पायवाटेने आपल्या चालीने फिरतं आणि एकेक गोष्ट झाडांमध्ये उभी असलेली बघतं. वाटेत आ वासलेला एक गलेलठ्ठ पुतळा ‘कागद इकडे’ म्हणून हाका मारतो आणि हातातला कचरा गिळतो. छोटी मुलं त्याच्यापुढून हलत नाहीत. अशा जागी उंची लागत नाही आणि पट्टाही बांधावा लागत नाही. डेन्मार्कच्या बिलुंडमध्ये १९६८ साली सुरू झालेलं लेगोलँड आणि त्याची नंतरची भावंडं तर दोन ते बारा या वयोगटासाठीच आखलेली आहेत. मोठ्या भावंडांशिवाय जाणाऱ्या कुटुंबाने आधी अशीच पार्क बघावीत.

प्रश्न : मुलगा १ सेंटिमीटरने कमी भरतो. जाड तळव्याचे बूट घातले तर चालेल का?

उत्तर : नको. ही अट वय ओळखण्यासाठी नसते, मूल राइडमधल्या अडवून धरणाऱ्या दांड्याखाली नीट बसावं म्हणून असते. मांडीवर येणारा दांडा दोघांसाठी एकच असेल, तर तो मोठ्या माणसाच्या मांडीला टेकून थांबतो. शेजारच्या मुलाच्या मांडीवर मग बरीच पोकळी राहते. गाडी झपकन खाली आली की मूल सीटवरून उचललं जातं, आणि पाय जमिनीला पोचत नसल्यामुळे त्याला रेटा देऊन स्वतःला सावरताही येत नाही. बुटाने उंची वाढते, मांडी जाड होत नाही. त्यातून लहान मुलाचं डोकं धडाच्या मानाने जड असतं आणि मान अजून कच्ची, त्यामुळे हिसके त्याला जास्त लागतात.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. दिवसभर उभं राहून आणि चालून मणक्यांमधल्या चकत्या दबतात. त्यामुळे संध्याकाळी उंची अर्धा ते एक सेंटिमीटर कमी भरू शकते. मूल काठावर असेल, तर ती राइड सकाळीच घ्या. उंची मोजून मनगटाला पट्टी बांधण्याची सोय असेल, तर ती फाटकातून आत शिरल्याबरोबर बांधून घ्या. बराच वेळ रांगेत उभं राहून ऐन दारातून परत फिरणं चार वर्षांच्या जिवाला फार लागतं. आत सोडायचं की नाही, हा शब्द मात्र दारावरच्या कर्मचाऱ्याचाच.

प्रश्न : रांगा टाळण्यासाठी सकाळी आधी कुठे जावं? सगळे म्हणतात, सगळ्यात गाजलेल्या राइडकडे धावा.

उत्तर : तो सल्ला मोठ्यांसाठी ठीक आहे. लहान मूल सोबत असेल, तर आधी छोट्या चक्र्या उरका. कारण साध्या हिशेबात आहे. वर-खाली होत गोल फिरणाऱ्या विमानांची चक्री घ्या. १६ विमानं, प्रत्येकात दोघं, म्हणजे एका फेरीला ३२ माणसं. बसवणं, पट्टे तपासणं, फिरवणं आणि उतरवणं धरून फेरीला ४ मिनिटं लागली, तर तासाला १५ फेऱ्या, म्हणजे ४८० माणसं. पुढे १२० माणसं असतील, तर पाव तास गेला. बरीच विमानं एकेकट्यानेच भरतात, तेव्हा प्रत्यक्षात वीस-पंचवीस मिनिटं धरा. याउलट संथ पाण्यावरच्या होड्यांची राइड. दर २० सेकंदांना १२ जणांची एक होडी सुटत असेल, तर तासाला २,१६० माणसं जातात. पुढे ३६० जणांची भलीमोठी रांग दिसली, तरी दहा मिनिटांत नंबर लागतो. म्हणून रांगेची लांबी पाहू नका, ती सरकते कशी ते पाहा. मिनिटभर थांबायचं आणि एखाद्या लाल टोपीवाल्यावर नजर ठेवायची, लगेच कळतं.

फाटक उघडण्याआधी अर्धा तास पोचा. पहिल्या दीड तासात चक्र्या, मेरी-गो-राउंड आणि छोटी आगगाडी उरकते. ऊन चढलं की होड्या, सावलीतले खेळ आणि बसून बघायचे कार्यक्रम. दुपारची झोप मोडू नका. पार्क निवडतानाच विचारा, बाहेर जाऊन त्याच तिकिटावर परत येता येतं का? येत असेल आणि मुक्काम जवळ असेल, तर दोन-तीन तास झोपवून आणा. संध्याकाळ तीच, मूल मात्र निराळं भेटतं. परत येता येत नसेल, तर पाठ पूर्ण मागे जाणारा स्ट्रोलर घरून न्या. भाड्याचे बरेचसे कडक प्लास्टिकचे असतात, त्यात मान एका बाजूला लोंबते. आणि झोपलेल्या बाळावर ऊन येतं म्हणून स्ट्रोलर कापडाने पूर्ण झाकू नका. हवा कोंडते आणि आतला उकाडा बाहेरच्यापेक्षा वाढतो. छत पुढे ओढा आणि स्ट्रोलर सावलीकडे वळवा.

प्रश्न : दोन मुलं, वयं दोन आणि पाच. मोठ्याला थोडं थरारक हवं असतं, धाकटीला सोडता येत नाही.

उत्तर : अशा वेळी बऱ्याच मोठ्या पार्कांत आळीपाळीची सोय असते. डिस्नेत तिला ‘रायडर स्विच’ म्हणतात. एक पालक मोठ्याला घेऊन राइड करतो, दुसरा धाकटीपाशी थांबतो आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता जागा बदलतात. रांगेत शिरण्यापूर्वीच दारावर सांगावं लागतं, नंतर सांगून उपयोग होत नाही. मोठ्याला बहुधा दोन्ही वेळा बसायला मिळतं! पण धाकटी अर्धा तास काय करणार, तेही आधी पाहा. थरारक राइडच्या शेजारीच खेळायचं आवार असलेलं पार्क तुम्हाला सोयीचं.

तिकिटासाठी कितव्या वर्षापासून पैसे लागतात, तेही तपासा. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या डिस्ने पार्कांत तीन पूर्ण होईपर्यंत मुलांना तिकीट लागत नाही, टोकियोत चार पूर्ण होईपर्यंत.

प्रश्न : मागच्या वेळी आमचा मुलगा अंधाऱ्या राइडमध्ये किंचाळत सुटला. आता पाळण्याचं नाव काढलं तरी मागे सरतो.

उत्तर : जबरदस्ती अजिबात नको. ‘घाबरण्यासारखं काय आहे त्यात’ हे वाक्यही नको. त्याच्या दृष्टीने तिथे घाबरण्यासारखंच होतं : अचानक काळोख, कानठळ्या बसवणारा आवाज आणि आपण कुठे चाललो आहोत याचा पत्ता नाही. घरी त्या राइडचा व्हिडिओ आधी आवाज बंद करून आणि मग हळूहळू आवाज वाढवत दाखवा. पार्कात पोचल्यावर उघड्यावरची, सुरुवात आणि शेवट डोळ्यांना दिसणारी राइड आधी घ्या. दोन फेऱ्या बाहेरून बघू द्या, उतरणाऱ्या मुलांचे चेहरे दाखवा. मेरी-गो-राउंडवर बसवणार असाल, तर आतल्या ओळीत बसवा. फेरीला वेळ सगळ्यांना सारखाच लागतो, पण बाहेरच्या घोड्याला मोठं वर्तुळ कापायचं असल्यामुळे तो जोरात पळतो. सुरुवातीला वर-खाली न होणारा घोडा निवडा आणि तुम्ही शेजारी उभे राहा. चेटकीण, राक्षस किंवा अचानक पडणारा अंधार असेल, तर तसं आधी सांगा. आवाजाचा त्रास होत असेल, तर कानांवर बसणारे मुलांचे इअरमफ जवळ ठेवा.

गरगर फिरणाऱ्या पाळण्यात बाहेरच्या बाजूला मोठ्या माणसाने बसावं, मुलाने आत. फिरताना दोघंही बाहेर फेकले जातात. मूल बाहेर असेल, तर तुमचं सगळं वजन त्याच्या अंगावर येतं.

प्रश्न : पाण्याचे खेळ असलेलं पार्क घ्यावं का? मुलगी अडीच वर्षांची आहे.

उत्तर : घोट्याएवढ्या पाण्याचं आणि कारंज्यांचं वेगळं आवार असेल, तर जरूर. वेव्ह पूलमध्ये, म्हणजे कृत्रिम लाटांच्या तलावात, मात्र नेऊ नका. लाट पाय उचलते, गर्दीत लाइफगार्डला छोटं डोकं दिसत नाही आणि बुडणारं मूल बहुतेक वेळा आवाजही करत नाही. सदैव हाताच्या अंतरावर राहा. दंडाला लावायच्या फुगवलेल्या पट्ट्या हे खेळणं आहे, त्यांच्या भरवशावर राहू नका. मापाचं लाइफ जॅकेटच घ्या. लहान अंग लवकर गार पडतं, म्हणून ओठ निळसर दिसले किंवा हनुवटी थरथरली की लगेच बाहेर काढून कोरडं करा. पाण्यातला डायपर लघवी धरून ठेवत नाही, तो दर तासाला तपासा. पोट बिघडलेलं असेल, तर पाण्यात उतरवूच नका. काही जंतू क्लोरीनमध्येही कित्येक दिवस जगतात.

प्रश्न : हरवलं तर? आणि शू-शीचं काय?

उत्तर : फाटकातून शिरतानाच त्या दिवसाच्या कपड्यांत मुलाचा पूर्ण उंचीचा फोटो काढा. घाबरल्यावर शर्टाचा रंगही आठवत नाही. तुमचा फोन नंबर मनगटाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला लिहा, नाव बाहेर दिसू देऊ नका. कर्मचाऱ्याचा गणवेश आणि ओळखपत्र पहिल्या दहा मिनिटांत बोट करून दाखवा : ‘आई दिसली नाही, तर तिथेच थांबायचं आणि असे कपडे घातलेल्यांना सांगायचं.’

स्वच्छतागृहांची अडचण वेगळीच असते. आपोआप पाणी सुटणाऱ्या कमोडला लहान मुलं फार घाबरतात. छोटं अंग सेन्सरला नीट दिसत नाही आणि मूल बसलेलं असतानाच धो-धो पाणी सुटतं. एकदा असं झालं की दिवसभर लघवी धरून ठेवतात. पर्समध्ये चिकट कागदांचा एक गठ्ठा ठेवा. मुलाला बसवण्याआधी सेन्सरच्या काचेवर एक कागद लावा. मूल उतरून दाराबाहेर गेलं की मग काढा.