अठ्ठावन्न टक्क्यांचे पेढे

प्रश्न : बाई, नमस्कार. मी इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. थोरली पोरगी यंदा दहावी झाली, ५८.४० टक्के. नववीच्या सहामाहीत बीजगणितात तिला ४० पैकी ६ होते. शिकवणी लावायची ऐपत नव्हती. ती आपणहून पहाटे उठून बसायला लागली. वह्या पुरेनात, म्हणून मी कारखान्यातनं सुताच्या कोनांच्या पेट्यांचे पुठ्ठे आणून द्यायचो, त्यावर गणितं करायची. रात्रपाळी करून सकाळी घरी आलो की पुठ्ठा भरलेला असायचा. बोर्डात गणितात ५४ आले. मी दोन किलो पेढे आणून गल्लीत वाटले. आमचे दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "अठ्ठावन्नाला पेढे? मग नापास झाली असती तर जिलेबी वाटली असतीस काय?" त्यांच्या मुलाला ९१ आहेत. सगळे हसले. तेव्हापासून पोरगी म्हणते, "पप्पा, माझे मार्क कुणाला सांगू नका." माझं चुकलं का?

उत्तर : पेढे वाटलेत ते बरोबरच केलंत. दाजींचं सोडून द्या. बोलणाऱ्याला बोलायला पेढेही चालतात आणि जिलेबीही.

आधी हिशेबाचं बोलते. एकतीस वर्षं गणित शिकवलंय, राहवत नाही. तुमचे ६ आणि ५४ शेजारी मांडता येणार नाहीत. बोर्डाचे ५४ म्हणजे बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २०, असे शंभरातले. पण म्हणून तिची मजल लहान होत नाही. दहावीच्या बीजगणिताचा पहिलाच धडा दोन चलांतल्या रेषीय समीकरणांचा. ज्या मुलीला नववीत ६ पडतात, तिचं बहुतेक वेळा मागेच कुठेतरी अडलेलं असतं. वजातून वजा गेले की काय होतं, पद पलीकडे नेलं की चिन्ह का बदलतं, इथे. तिथवर एकटीनं मागे जायचं आणि पुन्हा वर्गाला येऊन गाठायचं, हे पहिल्या बाकावरच्या मुलांना कधी करावंच लागत नाही. गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही.

आता जिथे मला खटकलं ते. पुठ्ठ्यांची गोष्ट तुम्ही मला लिहिलीत. गल्लीत कुणाला सांगितलीत? आणि तिला? पेढा हातावर ठेवताना "पोरगी पास झाली, अठ्ठावन्न पडले" एवढंच बोलला असणार. मग ऐकणारा अठ्ठावन्नच मोजणार, आणि शेजारी ९१ उभे असले की ते हरणारच. पोरीला पेढ्यांची लाज वाटलेली नाही. तिच्या दोन वर्षांच्या पहाटेचा आकडा झाला आणि तो सगळ्यांच्या हसण्यावारी गेला, ते तिला लागलंय.

मीही हेच करत आले. शाळेच्या दारातल्या फळ्यावर पहिल्या पाचांची नावं रंगीत खडूनं मीच लिहायची, अक्षर चांगलं म्हणून. पस्तीसवरून पन्नासवर आलेल्या एकाही पोराचं नाव त्या फळ्यावर लिहिल्याचं मला आठवत नाही.

१९९८ साली अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर काही प्रयोग केले. कोडी सोडवल्यावर काहींना "हुशार आहेस" म्हटलं, काहींना "मेहनत घेतलीस". पुढे अवघड कोडी आल्यावर "हुशार" म्हटलेली मुलं लवकर कच खायला लागली. पण नुसतं "मेहनत केलीस" हेही मुलांना पाठ झालंय. तुम्ही काय पाहिलंत ते सांगा. "पाळीवरनं आलो तेव्हा तू एकच उदाहरण चौथ्यांदा खोडून करत होतीस, मी दारातनं बघितलं." असं काहीतरी. तुम्ही पाहिलेलंच, माझं नको.

तिनं मार्क सांगू नका म्हटलंय, तर सांगू नका. तिची गोष्ट आहे, कुणाला सांगायची ते ती ठरवेल.

पुठ्ठे अजून घरात असतील तर रद्दीत घालू नका. एक काढा आणि तिला म्हणा, हे मला समजावून सांग. तुम्हाला मध्येच कळेनासं होईल. होऊ द्या, परत विचारा.