एरर मेसेज साध्या प्रिंटएफनं छापला तर बिघडतं काय?

प्रश्न असा आहे: सी भाषेत फाइल उघडली नाही की प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शननं 'फाइल उघडता आली नाही' असं छापतो, स्क्रीनवर नीट दिसतं, मग स्टँडर्ड एररची, म्हणजे तक्रारींसाठीच्या वेगळ्या आउटपुटची, भानगड कशाला?

'स्क्रीनवर दिसतंय ना' हा युक्तिवाद ऐकला की माझं डोकंच फिरतं. आउटपुट टर्मिनलवर जातंय तोवर दिसणारच. तेच फाइलमध्ये वळवा, तुमची तक्रार डेटाच्या मधोमध जाऊन बसते. शिवाय तेव्हा स्टँडर्ड आउटपुट (प्रिंटएफ लिहितं ते) पूर्ण बफर होतं, म्हणजे मजकूर आधी मेमरीत साठतो आणि मग एकदम बाहेर पडतो. पुढे सेगमेंटेशन फॉल्ट आला, म्हणजे भलत्या मेमरीला हात लावून प्रोग्रॅम कोसळला, की बफरमधला मजकूर तसाच बुडतो आणि माणूस बग भलत्याच ओळीत शोधत बसतो. स्टँडर्ड एरर मजकूर असा अडवून ठेवत नाही. तेव्हा एफप्रिंटएफ, पहिलं आर्ग्युमेंट एसटीडीएरर. वाद संपला.

खरी गफलत मेसेजमध्येच आहे. कोणती फाइल? का उघडली नाही? हे कारण एररनो या एररचा नंबर ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये असतं: लिनक्सवर २ म्हणजे फाइलच नाही, १३ म्हणजे परवानगी नाही. पण एररनो फार नाशवंत. एफओपन (फाइल उघडणारं फंक्शन) फसल्यावर आधी एखादी ओळ छापली, लॉग फाइल बंद केली आणि मग पीएरर (एररनोमधलं कारण छापणारं फंक्शन) बोलावलं, तर कारण दुसऱ्याच कॉलचं निघू शकतं. यशस्वी झालेलं फंक्शनही एररनो बदलू शकतं, त्याला ती मुभा आहे. फाइल सापडत नसताना 'इनअ‍ॅप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस' असं काहीतरी दिसलं तर हाच संशय घ्या. एफओपननं नल (रिकामा पॉइंटर) दिला की पहिल्याच ओळीत एररनो एका इंट व्हेरिएबलमध्ये उतरवा, बाकी सगळं नंतर. मग प्रोग्रॅमचं नाव, फाइलचं नाव, स्ट्रएरर त्या नंबरचा देतं तो मजकूर, या क्रमानं छापा.

वॉर्निंग असेल तर छापून पुढे चला; एरर असेल तर शून्य नसलेला एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना परत देतो तो आकडा) द्या, नाहीतर प्रोग्रॅम चालवणाऱ्या स्क्रिप्टला काही कळत नाही. लिनक्स-बीएसडीवर वॉर्न आणि एर ही फंक्शनं हे सगळं आयतं करतात, पण ती सी स्टँडर्डमध्ये नाहीत.

आणि बाहेरून आलेला मजकूर थेट फॉरमॅटच्या, म्हणजे काय कसं छापायचं ते प्रिंटएफला सांगणाऱ्या स्ट्रिंगच्या, जागी देऊ नका. त्यात टक्का-एन निघालं तर प्रिंटएफ मेमरीत लिहायला लागतं. फॉरमॅटमध्ये टक्का-एस लावा आणि तो मजकूर त्यापुढे वेगळा द्या.

हो, थ्रेड (प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे भाग) असतील तर स्ट्रएररऐवजी स्ट्रएरर-आर. त्याचे दोन अवतार आहेत: पॉझिक्स या स्टँडर्डचं इंट परत देतं, जीएनयू लायब्ररीचं पॉइंटर, आणि हे जीएनयूचं तुम्ही दिलेल्या बफरला हात लावेलच असं नाही.