ती पूड आमटीत घालू नकोस

नवरा रोज रात्री क्वार्टर मारतो, रविवारी दुपारपासूनच सुरू, सकाळी हात इतके थरथरतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि आता जाऊबाईंनी 'नकळत दारू सोडवा' वाली पूड आणून दिलीये ती घालू का असं विचारलंयस. नको गं. त्यात नेमकं काय आहे कोणाला माहीत, आणि डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध निघालं तर त्यावर दारू पडली की उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, जिवावर बेतू शकतं. ते औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून आणि पिणं थांबल्यावर.

खरी गोष्ट तू पत्रात शेवटी एका ओळीत उरकलीस. गेल्या वर्षी गटारी झाली, श्रावण लागला म्हणून त्याने एकदम बंद केली आणि दुसऱ्या दिवशी फिट आली, सासूबाई म्हणाल्या बाहेरचं आहे. बाहेरचं वगैरे काही नाही, रोजच्या दारूची सवय लागलेल्या मेंदूची दारू अचानक तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, मग भास, घाम, असंबद्ध बडबड, यात माणूस दगावतो सुद्धा. म्हणून यावेळी घरच्या घरी शपथ नको, माळ घालायची तर नंतर घालू दे, आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवायची, साधारण आठवडाभर औषधं आणि बी १ व्हिटॅमिन देतात. फिट आली होती हे तिथे सगळ्यात आधी सांग.

आणि सासूबाईंचं ते 'क्वार्टरच तर घेतो'! १८० मिली व्हिस्कीत जवळजवळ ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, रोज. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय म्हणतेस, ते दारू पूर्ण सुटली तर बरंचसं सुधारतं, सिरोसिस झाला, म्हणजे लिव्हर कडक होऊन आक्रसलं, की मग अवघड, आणि लिव्हर तोवर दुखत पण नाही.

तो यायला तयार नसेल तर तू एकटी जा. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन या गटाच्या मीटिंगा असतात, १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. बोलायचं तर सकाळी, उतरलेली असताना, आणि सोमवारी त्याच्या सुपरवायझरला 'ताप आलाय' म्हणून फोन करणं आधी बंद कर, तो फोन त्यालाच करू दे. डोळे पिवळे दिसले किंवा उलटीत रक्त आलं तर मात्र कोणाला विचारत बसू नकोस, रात्र असली तरी थेट हॉस्पिटल.