टाळेबंदीत घरात मारहाण बघणाऱ्या मुलाला दुरून कसा आधार द्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साथीमुळे पुन्हा सगळं बंद झालंय, बहिणीच्या घरी मेहुण्यांची मारहाण वाढलीय, नऊ वर्षांचा भाचा ते रोज बघतो, मध्ये पडला तर त्यालाही बसते. तुम्ही लांब, हातात फक्त फोन. मामा म्हणून काय करता येईल?

पुष्कळ करता येईल. मी शाळेत समुपदेशक आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये जगभरातल्या साधारण दीडशे कोटी मुलांच्या शाळा बंद होत्या. अंगावरचे वळ, एकदम गप्प होणं, शाळा सुटली तरी रेंगाळत राहणं, हे बहुतेकदा आधी शिक्षकांच्याच नजरेला येतं. शाळा बंद झाल्यावर अनेक ठिकाणी बालसंरक्षणाच्या कार्यालयांकडे येणाऱ्या तक्रारी घटल्या. मार चालूच होता. बघणारी माणसं तेवढी दाराबाहेर राहिली.

तुमच्या भाच्यासाठी ते बघणारं माणूस तुम्ही व्हा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी फोन करा आणि तो चुकवू नका. विषय काहीही चालेल, गणित, खेळ, एखादी गोष्ट. ज्या घरात पुढच्या क्षणाचा नेम नाही, तिथे मंगळवारी पाच वाजता मामाचा फोन येणारच, हे त्या मुलाला फार धरून ठेवतं.

चौकशी मात्र जपून. माझ्या हातून झालेली चूक सांगते. ऑनलाइन वर्गातल्या एका मुलाचा कॅमेरा कायम बंद असायचा. माइक उघडला की मागून टीव्हीचा मोठा आवाज यायचा, आणि तो एक वाक्य बोलून घाईघाईने माइक बंद करायचा. मला शंका आली. मी त्याच नंबरवर मेसेज टाकला, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ फोन वडिलांचा होता. पुढचे चार दिवस मुलगा वर्गात आला नाही. ते चार दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पुढे कधीतरी तो बोलला तेव्हा कळलं, आरडाओरडा सुरू झाला की धाकट्या बहिणीला ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज तोच वाढवायचा.

म्हणून लेखी काही विचारू नका. फोनवरही हो-नाही एवढंच उत्तर पुरेल असं विचारा: ‘आत्ता एकटा आहेस का?’ ‘स्पीकर चालू आहे का?’ दोघांत एक साधा शब्द ठरवून ठेवा. भाच्याने तो शब्द उच्चारला की मदत हवी आहे असं समजायचं. कॅनेडियन विमेन्स फाउंडेशनने २०२० मध्ये व्हिडिओ कॉलसाठी एक खूण काढली: तळहात समोर, अंगठा आत, त्यावर चार बोटं मिटायची. खूण चांगली आहे, पण ती आता बऱ्याच जणांना ठाऊक झाली आहे. तुमचा शब्द तुमच्या दोघांतच राहील.

तो स्वतःहून काही बोलला तर ऐकून घ्या, खोदून खोदून विचारू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते मोडावं लागू शकतं. ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही’ हे मात्र पुन्हा पुन्हा म्हणा. ‘मी दंगा केला म्हणून बाबा चिडले’ असं ही मुलं मनापासून धरून बसतात. त्याच्यासमोर वडिलांना शिव्याही घालू नका. त्याचा जीव त्यांच्यावरही असेल, आणि मग तो तुमच्यापाशीही गप्प होईल.

भांडण पेटलं की मध्ये पडायचं नाही, हे त्याच्याकडून वदवून घ्या. आईला वाचवणं हे त्याचं काम नाही. स्वयंपाकघरापासून लांब, बाहेर पडता येईल अशा जागी जायचं. घरचा पत्ता आणि मदतीचा नंबर त्याला पाठ हवा. पण हे सगळं आधी बहिणीशी बोलून ठरवा. मुलाचा खरा आधार तीच आहे. ‘सोडून का देत नाहीस?’ असं तिला विचारू नका. घर सोडण्याचा काळच बायकांसाठी सगळ्यात धोक्याचा असतो, तयारीशिवाय ते नको. आणि मेहुण्यांना फोनवर जाब विचारायचा मोह तर आवराच. तुम्ही फोन ठेवल्यावर बंद दारामागे ते तिघंच असतात.

मुलांच्या हेल्पलाइनला तुम्ही स्वतः फोन करून सल्ला घेऊ शकता, भाच्यानेच करायला हवा असं नाही. जिवावर बेतेल असं वाटलं तर वाट न बघता पोलिसांना कळवा.

आज एवढंच करा: मेहुणे कुठल्या वेळी झोपलेले असतात किंवा बाहेर असतात ते आधी शोधा, आणि त्या वेळी बहिणीला फोन लावा.