तोंड उघडून गा

प्रिय बाय,

परवा तू घाईत उठून गेलीस आणि बोलणं अर्धवट राहिलं. समोर बसून मी काही सांगू लागले की तू ‘हो मावशी, हो मावशी’ म्हणतेस आणि नजर फोनवर ठेवतेस. म्हणून लिहिते आहे. सवडीने वाच. एका बैठकीत वाचवलं नाही तर उरलेलं दुसऱ्या दिवशी वाच.

जत्रेला मांडवात तू नाट्यपद गायलीस तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. तान वरच्या षड्जाला जाऊन टेकली आणि माझ्या शेजारच्या बाईने माझा हात घट्ट धरला. दुसऱ्या दिवशी त्याच तानेचा व्हिडिओ तुमच्या घरच्या ग्रुपवर आला. कुणीतरी पहिल्या रांगेत बसून, फोन मांडीवर धरून, खालून वर काढलेला. दुपारपर्यंत तुझ्या उघड्या तोंडाचं स्टिकर झालं होतं. चुलतभावंडं हसली. तूही हसणारा चेहरा पाठवलास.

त्यानंतर महिनाभराने तुमच्या शिकवणीच्या खोलीबाहेर मी छत्री मिटत उभी होते. आत तू तेच पद गात होतीस, पण ‘आ’चा ‘अं’ झाला होता. आवाज ओठांच्या आत घुटमळत होता. गुरुजी म्हणत होते, ‘तोंड उघड गो.’ तू बोटभर उघडायचीस आणि परत मिटायचीस. त्यांना वाटलं, पावसाने घसा धरलाय. मला खरं कारण माहीत होतं. तरी मी गप्प राहिले, ही माझी चूकच झाली.

‘त्यांनी गंमत केली, मला काही वाटलं नाही,’ असं तू परवा म्हणालीस. मग लगेच म्हणालीस की हल्ली न्हाणीघराच्या आरशासमोर उभी राहून, तोंड उघडून, तू स्वतःचे फोटो काढतेस आणि बघून पुसून टाकतेस. नाक पसरतं, दात दिसतात, गळ्याच्या शिरा दिसतात. अशा फोटोंचा आकडा तू सांगितलास तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

नाकाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं. बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. कॅमेऱ्याला जे जवळ, ते मोठं. नाक चेहऱ्याच्या सगळ्यात पुढे, म्हणून ते फुगतं आणि कान मागे पळतात. परवा मी तुला सोप्याच्या या टोकाला बसवून त्या टोकावरून फोटो काढला तो याचसाठी. तू दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितलेस आणि म्हणालीस, ‘हे नाक माझं आहे, ते कोणाचं?’ त्यानंतर तू जरा हसलीस. तेवढं हसू मला पुरलं नाही. कारण मोठं नाक खरंच तुझं असतं, तरी तू तान का आवरावी हा माझा प्रश्न उरतोच.

आता माझी एक गोष्ट ऐक. ही मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

मी तीसेक वर्षं वर्तमानपत्रात पुरवणीची पानं लावली, हे तुला ठाऊक आहे. एका वर्षी चतुर्थीच्या पुरवणीच्या मुखपृष्ठासाठी आम्ही एका कॉलेजच्या मुलीचा फोटो घेतला. काठाची साडी, नाकात नथ, केसांत अबोलीची वेणी, हातात निरांजन. मुलगी सावळी होती. फोटो फार सुंदर आला होता. निरांजनाचा उजेड तिच्या गालावर तांब्यासारखा उतरला होता. पान सोडायची वेळ झाली आणि मी आर्टिस्टच्या खुर्चीमागे उभी राहून म्हटलं, ‘थोडी उजळ कर रे, छपाईत काळपट येईल.’ छपाईत काळपट येतं हे खरंच होतं. पण त्याने उजळ केलं, मी म्हटलं ‘अजून’. आणखी एकदा ‘अजून’ म्हटलं. तिसऱ्या वेळी छपाईचा प्रश्न उरला नव्हता. तरी मला ते पान ‘बरं’ वाटलं.

चार दिवसांनी ती मुलगी आईबरोबर अंक न्यायला कार्यालयात आली. मुखपृष्ठ हातात घेतलं, जवळ नेलं, लांब धरलं आणि आईला विचारलं, ‘ही मी?’ आई म्हणाली, ‘किती गोड दिसतेस!’ मुलगी काही बोलली नाही. तिने उजव्या हाताच्या बोटाने अंकावरच्या गालावरून एकदा हात फिरवला, मग स्वतःच्या गालावरून. मी समोर प्रूफं तपासत बसले होते. मान वर केली नाही.

मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. वरून हुकूम नव्हता, जाहिरातदाराचा फोन नव्हता. तो डोळा माझ्यातच बसला होता. आमच्याच छोट्या जाहिरातींत वधू हवी असे ती ‘गोरी, सडपातळ, सुस्वरूप’, आणि वर असे तो नोकरी, पगार आणि स्वतःचा फ्लॅट. ते रकाने वर्षानुवर्षं नजरेखालून गेले. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 मध्ये बाजारात आलं आणि ‘फेअर’ हा शब्द त्याच्या नावातून 2020 मध्ये गेला. मधल्या 45 वर्षांत दोन पिढ्या वाढल्या, त्यांतली एक माझी. नाव बदलायला एक दिवस लागतो, माझ्या डोळ्याला अजून वेळ लागतो आहे. आजही लग्नातल्या फोटोत मी आधी स्वतःचा रंग बघते आणि मग नवरीकडे.

कोणी बघत नसतानासुद्धा हा डोळा काम करतो. 1998 मध्ये बार्बरा फ्रेडरिक्सन आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एकेकाला आरसा असलेल्या खोलीत एकटं सोडलं. काहींना घालायला स्वेटर दिला, काहींना पोहण्याचा पोशाख, आणि तसंच बसून गणितं सोडवायला लावली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटरवाल्या मुलींपेक्षा गणितं कमी जमली. मुलग्यांमध्ये असा फरक पडला नाही. खोलीत दुसरं कोणीच नव्हतं, बाय. मन दोन ठिकाणी काम करत होतं: अर्धं गणितात, अर्धं आरशातल्या बाईवर पहारा करत. तुझ्या तानेचं हेच झालंय. अर्धी तू गातेस आणि अर्धी पहिल्या रांगेत बसून, फोन मांडीवर धरून, स्वतःला खालून वर बघतेस. मग सम चुकते. तू म्हणालीस रियाझ कमी पडला. मला ते पटत नाही.

आपल्या गोव्याच्या मुलींना तर दोन आरशांत एकदम बघावं लागतं. पर्वरीकडून पणजीत उतरताना वर बघ. कॅसिनोच्या फलकावर एक बाई असते, दुधासारखी गोरी, आणि गोवा म्हणजे तीच. हिंदी सिनेमाने देशभर पोचवलेली गोव्याची मुलगी अशीच: तोकडा फ्रॉक, हातात ग्लास. माझी भाची पुण्याला शिकायला गेली तेव्हा वसतिगृहात पहिल्याच रात्री तिला विचारलं, ‘गोव्याची ना? मग तू पीत असशील.’ ती फोंड्याची, घरात सोवळं पाळणारी, सोमवार करणारी मुलगी. तिला धड रागावताही आलं नाही. सुट्टीत घरी आली, बिनबाह्यांचा कुर्ता घातला, तर आजी म्हणाली, ‘पुण्याला जाऊन हेच शिकलीस?’ बाहेर ती पुरेशी मोकळी नाही, घरात पुरेशी झाकलेली नाही. दोन्हीकडे मोजमाप कपड्याचं आणि अंगाचं. ती काय शिकतेय हे विचारायला कोणाला वेळच झाला नाही.

आणि हे सगळं नवंच आहे असं नाही, पण वेग नवा आहे. फिजी बेटांवर एका भागात 1995 मध्ये टीव्ही आला. तिथे भरलेल्या अंगाचं कौतुक होतं, आपल्या आज्या ‘बरी भरल्या गो’ म्हणायच्या तसं. तीन वर्षांनी अ‍ॅन बेकर या संशोधिकेने शाळकरी मुलींना परत विचारलं. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी आधी नव्हती, आता 11.3 टक्के होत्या. टीव्ही निदान घरातल्या एका कोपऱ्यात असायचा. फोन तुझ्या उशाशी असतो. 2021 मध्ये फेसबुकच्या आतलीच कागदपत्रं बाहेर आली. शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी 32 टक्के जणींनी सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट होतं. कंपनीला ते ठाऊक होतं. तेव्हा ‘मीच हळवी आहे’ असं तू म्हणालीस ना, ते वाक्य कृपा करून सोडून दे.

आता केरीची गोष्ट. आपल्या फोंडा तालुक्यातलंच केरी. तिथे 1892 मध्ये थोर गायिका केसरबाई केरकरांचा जन्म झाला. कलावंतांच्या, म्हणजे देवळात गाण्याची सेवा करणाऱ्यांच्या, घरातली मुलगी. त्या काळी अशा बायकांकडे समाज कसा बघायचा हे मी तुला वेगळं सांगायला नको. देवळात गाणं हवं असायचं, घरात ती बाई नको असायची. एका स्टिकरपेक्षा ते शंभर पटींनी जड होतं. त्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं शिकल्या, आणि त्या गायकीचा प्राण काय, तर खुला आकार. तोंड उघडून, पोटातून, काही न लपवता लावलेला ‘आ’. त्यांची ध्वनिमुद्रणं गुरुजींकडे आहेत, ऐक. तो आवाज ओठ जपून निघूच शकत नाही. 1977 मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात भारतातून त्यांची भैरवी निवडली, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. त्याच वर्षी 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. यानं अजून चालली आहेत, ताऱ्यांमधल्या अवकाशात.

ते गाताना त्यांचा चेहरा कसा झाला असेल, याचा विचार गेले कित्येक दिवस माझ्या मनात येतो. गळ्याच्या शिरा ताणल्या असतील, जबडा खाली आला असेल. तसा तो आला नसता तर तो ‘आ’ आपल्याला मिळाला नसता.

तू काय करावंस ते सांगते. फोन फेकून दे असं मी म्हणणार नाही, तुझं कॉलेज त्यावर चालतं. न्हाणीघरातले फोटो मात्र बंद कर. सुटेनासे झाले, जेवणावरून मन उडालं, झोप गेली, तर मला सांग, आपण डॉक्टरांकडे जाऊ. त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरच्या ग्रुपवर ते स्टिकर अजून फिरतंय, तर ज्याने केलं त्याला एकदा शांतपणे सांग, ‘हे काढ, मला लागलं.’ तो म्हणेल, गंमत होती. म्हणू दे. तू परत तेच सांग. चुलतभाऊ वाईट नाही, त्याला कोणी सांगितलंच नाही. आणि रियाझाच्या खोलीतला आरसा मी परवा पाहिला, तो भिंतीकडे फिरवून ठेव. फोन ठेवायचाच तर पालथा ठेव आणि फक्त आवाज मुद्रित कर. रात्री डोळे मिटून तो ऐक. कुठे दबलाय, कुठे सुटलाय, हे कानाला कळेल, आणि कानाला नाक दिसत नाही.

त्या मुखपृष्ठावरच्या मुलीला मी अजून शोधते आहे. आता पन्नाशीला आली असेल. मूळ फोटो माझ्याकडे आहे, न उजळवलेला. तो तिला द्यायचाय.

जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, पूजा जवळ आली आहे. म्हार्दोळला देवळात गाणाऱ्यांत तुझं नाव घालू का, असं गुरुजींनी मला विचारलं. मी ‘तिलाच विचारा’ म्हटलं. घसा धरला नव्हता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तू सांग.

तुझी,
मावशी