रेडब्रेस्ट १२ ही आयरिश व्हिस्की घ्यावी का? स्कॉच पिणाऱ्याला ती कशी लागेल?

बाटलीवरचं ‘सिंगल पॉट स्टिल’ म्हणजे काय, असंही तुम्ही विचारलंय. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात तीन वर्षं नोकरीला होतो, त्या जोरावर सांगतो.

सगळी गोम बार्लीत, म्हणजे आपल्या जवात आहे. सिंगल माल्टसाठी सगळा जव मोड आणून वाळवतात, आपण नाचणीसत्त्वासाठी नाचणी वाळवतो तसा. आयरिश पॉट स्टिलमध्ये मोड न आणलेला कच्चा जवही भरपूर पडतो. नियमच आहे, दोन्ही किमान ३० टक्के हवेत. मग तांब्याच्या भांड्यांतून, म्हणजेच पॉट स्टिलमधून, बहुधा तीनदा ऊर्ध्वपातन. अठराव्या शतकाच्या शेवटी मोड आलेल्या जवावर कर लागला, तसे भट्टीवाले कर वाचवायला कच्च्या जवाकडे वळले. चवीचं कौतुक मागाहून!

त्या कच्च्या जवामुळे घोट दाट लागतो. बासुंदी प्यायल्यावर जिभेवर साय रेंगाळते ना, तसा. मागून लवंग, आलं, किंचित मिरी. रेडब्रेस्ट बोर्बन (अमेरिकन व्हिस्की) आणि ओलोरोसो शेरी (स्पॅनिश वाइन) यांच्या पिंपांत किमान १२ वर्षं मुरते, त्यामुळे वर मनुका, सुकं अंजीर, अक्रोड. धूर मात्र अजिबात नाही. लाफ्रोइगसारखी धुरकट स्कॉच पिणारे असाल तर पहिल्या घोटाला ‘हे काय गुळमुळीत’ असं वाटेल. थांबा जरा.

शेरीचं नातं जुनं आहे. गिल्बी हे वाइनचे व्यापारी. डब्लिनच्या बो स्ट्रीटवर जेम्सनची भट्टी होती. तिथली ताजी दारू घेऊन गिल्बी ती शेरीच्या रिकाम्या पिंपांत मुरवत. रेडब्रेस्ट हे नाव १९१२ पासूनचं, तांबड्या छातीच्या रॉबिन पक्ष्यावरून. बो स्ट्रीट १९७१ मध्ये बंद पडली, पुढे जुना साठा संपला आणि ही व्हिस्की बाजारातून गेलीच. १९९१ मध्ये परत आली. आता ती कॉर्कजवळच्या मिडलटनला बनते. तिथल्या जुन्या डिस्टिलरीतलं तांब्याचं भांडं जरूर बघा, जवळजवळ १,४४,००० लिटरचं!

प्यायची कशी? आधी नुसती, मग चमचाभर पाणी. माझ्या सासऱ्यांनी पहिलाच पेग सोड्यात बुडवला. जावई काय बोलणार?

ड्यूटी फ्रीमध्ये शेजारी १५ वर्षांचीही दिसेल. ती ४६ टक्क्यांची, जरा झणझणीत. तुम्ही ४० टक्केवाल्या १२ पासूनच सुरुवात करा.